चार बाटल्या आणि एक खोकला

तेजस्विनीचं नाक असं होतं, की मनमाड स्टेशनवर कुणी चहात आलं ठेचलं, तर कित्येक कोस दूर इंदिरानगरात तिला ठसका लागायचा. खोटं वाटत असेल, तर मनमाडला जाऊन आलं ठेचून बघा. म्हणून तर चंद्रभागामावशींच्या मसाल्याच्या कारखान्यात कढई तिच्या हाती होती. तिथली रीतच तशी – घड्याळ बघायचं नाही, वास सांगेल तेव्हा कढई उतरवायची.

श्रावणातल्या एका तापानं ते नाक नेलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. गुपचूप रंग बघून भाजू लागली.

एका दुपारी ती क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिली, आणि काळा मसाला घ्यायला आलेला एक तरुण दारातूनच म्हणाला, "ताई, धणे जळतायत."

"आमच्याकडे असेच भाजतात. आणि ताई कुणाला म्हणता?"

त्यानं पुढे होऊन गॅस बंद केला. धूर तिच्या नाकाशी, अन् ती आपली हसतेय.

"वास येत नाही ना?" त्यानं हळूच विचारलं.

तिचे डोळे भरले. "मावशींना सांगू नका… दसऱ्याला पहिला घाणा आहे."

वर्षाचा पहिला घाणा तिथं डोळ्यांना पट्टी बांधून भाजायचा. चुकला, तर कढई दुसरीच्या हाती.

हा तरुण, योगेश, नेमका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कामाला. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि चार बाटल्या दिल्या – गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज हुंगायच्या, हुंगताना त्या वासाची जुनी आठवण काढायची. नाकातल्या पेशी पुन्हा उगवतात, पण मेंदूला शिकवणी लागते.

शिकवणीला योगेश रोज हजर. बाटली तिच्या नाकाशी धरायचा, आणि झाकण लावायला विसरायचा…

"बाकीच्या इंद्रियांची खबर आधी मेंदूच्या चौकीवर थांबते," तो सांगे. "वास मात्र थेट आत शिरतो. आठवणी आणि माया राहतात तिथं."

"न विचारता?"

"न विचारता."

"म्हणजे तुझ्यासारखाच की."

एकदा गुलाबाला रॉकेलचा वास आला. ती रडवेली झाली. तो मात्र खूश. "चुकीचा का होईना, आला ना? मेंदू तारा जुळवतोय."

दसरा आला, तरी तारा काही नीट जुळल्या नाहीत.

"मी दारात उभा राहतो," योगेश म्हणाला. "वेळ झाली की खोकतो."

पट्टी बांधली. धणे झाले, खोबरं झालं. दोन्हींना तो इमानानं खोकला. मग लवंग पडली. मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या. योगेशनं खोकायला तोंड उघडलं, तोच –

"उतरवा," तेजस्विनी म्हणाली.

मावशींनी चिमूटभर लवंग हुंगली. "बरोब्बर. आणि त्या पोराला पाणी द्या कुणीतरी, घसा बसलाय त्याचा."

अंगणात ती पट्टी सोडत आली. इतका मोठा श्वास तिनं दोन महिन्यांत घेतला नव्हता.

"खरंच आला वास?" योगेशनं विचारलं.

"आला. पण एक घोटाळा झालाय." ती खाली बघत होती. "लवंग म्हणजे आजीची दुखरी दाढ, असं मी घोकलं होतं. आजी आलीच नाही. तू आलास… बाटली धरून."

"आणि लिंबू?"

"तूच असणार."

"निलगिरी?"

ती नुसतीच हसली.

"मग डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, पेशंट बरी आहे. बाटल्या परत मिळायच्या नाहीत. धरणारा तर मुळीच नाही."