भंगाळ्यांची तहान

सकाळपासून सातव्यांदा यादव भंगाळे यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सातव्यांदा तो नाकावाटे परत आला. जठरशल्य संशोधन केंद्राची ती प्रयोगशाळा जळगावात होती, महिना मे होता आणि बाहेर पारा शेहेचाळीस अंशांवर होता. अभियंता निनाद सरोदे याने परत आलेले पाणी टिपकागदाने टिपले, कागद काट्यावर ठेवला आणि वहीत लिहिले : आत गेले, शून्य.

“रोज शून्यच लिहितोस,” भंगाळे म्हणाले. “एखाद्या दिवशी मन मोठं करून एक लिही.”

शल्यविशारद डॉ. शमा तडवी खिडकीपाशी कपाळ चोळत उभ्या होत्या. बारा वर्षांत त्यांनी नऊशे जणांची जठरे लहान केली होती. ऐकत नाहीत असे रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना झापायचे कसे हे त्यांना ठाऊक होते. भंगाळे सगळे ऐकत. त्यामुळे झापायला जागाच उरली नव्हती, आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त वैताग आला होता.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी भंगाळ्यांच्या जठराची अंड्याएवढी पिशवी केली होती. तेव्हा वजन एकशे एक्कावन्न किलो होते. अशा शस्त्रक्रियेनंतर एक नियम असतो : जेवणाआधी अर्धा तास, जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही. पाण्यामुळे पिशवीतले अन्न लवकर खाली जाते, पिशवी रिकामी होते, पुन्हा भूक लागते आणि शस्त्रक्रियेचा अर्थ उरत नाही. हा नियम प्रत्येक रुग्ण मान डोलावून ऐकतो आणि तिसऱ्या घासाला मोडतो. सवयच ती. म्हणून डॉ. तडवी आणि निनाद यांनी मिळून ‘द्वारपाल’ बनवला होता : पिशवीच्या तोंडाशी बसणारी, बोराएवढी जठरझडप. ती मिटली तरी घास आत जाई, कारण अन्ननलिका घासाला मागून रेटते. पातळ पाण्याला तेवढा रेटा मिळत नसे, म्हणून ते आल्या वाटेने परत येई.

“अन्न आत गेलं की झडप मिटायची, एवढं साधं काम होतं,” तडवी म्हणाल्या. हे वाक्य त्या महिनाभर रोज म्हणत होत्या.

“मॅडम, अन्न आत गेल्यावर उशीर झालेला असतो,” निनादने रोजचे उत्तर दिले. “नियम जेवणाआधी अर्ध्या तासाचा आहे. माणूस अर्ध्या तासाने जेवणार आहे हे झडपेला आधी कळायला हवं. ते फक्त एका ठिकाणी कळतं.”

ते ठिकाण म्हणजे मेंदूकडून जठराकडे उतरणारी नस. अन्न दिसले, त्याचा वास आला, नुसते आठवले, तरी ही नस थरथरते, तोंडात लाळ सुटते आणि जठर तयारीला लागते. या अवस्थेला निनादने ‘चाहूल’ असे नाव दिले होते. द्वारपाल त्या नसेवर कान ठेवून असे. चाहूल लागली की तो मिटे आणि शेवटच्या चाहुलीनंतर अर्धा तास मिटलेलाच राही. पिशवीत काय आहे हे तो पाहतच नसे. बोराएवढ्या झडपेत दुसऱ्या संवेदकाला जागा नव्हती. उघडण्याचे बटणही नव्हते, कारण रुग्णाला बटण दिले की रुग्ण ते दाबतो.

प्रयोगातल्या इतर अकरा जणांना काही अडचण नव्हती. ते जेवणाचा विचार जेवणाच्या वेळी करत.

भंगाळे आग्रह-प्रशिक्षक होते. लग्नाच्या पंगतीत आता यंत्रेच रांधत आणि वाढत, आणि वाढायला ती चुकत नसत. पण पाहुण्याने पानावर आडवा हात धरला की यंत्र पुढे जाई, आणि खानदेशात याला अपमान म्हणतात. तेव्हा यंत्रांना आग्रह शिकवण्यासाठी कंपनीने भंगाळ्यांना ठेवले होते. दिवसभर ते दहा यंत्रांपुढे बसून सांगत की बट्टी कुस्करून तूप कसे सोडायचे, आडव्या हाताखालून भरताचा चमचा कसा सरकवायचा आणि ‘बस’ हा शब्द किती वेळा ऐकू आल्यावर खरा मानायचा. उत्तर होते, पाच. घरी आल्यावरही ते उद्याच्या पंगतीचाच विचार करत. परिणामी त्यांची झडप पहाटे जाग आल्यापासून नाश्ता आठवेपर्यंत, म्हणजे साधारण वीस मिनिटे, उघडी असे. त्या वीस मिनिटांत चारशे मिलिलिटर पाणी जाई. रोज दोन लिटर लागत होते.

दोनदा त्यांना सलाइनवर ठेवावे लागले होते. तिसऱ्यांदा ठेवावे लागले तर द्वारपाल काढायचा, असा प्रयोगाचा नियम होता. द्वारपाल पिशवीच्या टाक्यांतच विणलेला असल्यामुळे झडपेबरोबर पिशवीही जाणार होती. चाहुलीची मर्यादा बदलण्यासाठी समितीकडे अर्ज केला होता. समितीने अर्ज मिळाल्याचे कळवले होते.

“पिशवी गेली तर चालणार नाही, डॉक्टरबाई,” भंगाळे म्हणाले. “मला वर जायचंय.”

वर म्हणजे त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. चार वर्षांपूर्वी भर मांडवात, सासरच्या माणसांदेखत, त्यांनी आपल्या यंत्राची बट्टी बायकोच्या बट्टीपेक्षा खुसखुशीत आहे असे म्हटले होते. प्रमिलाबाई त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. त्या रोज खाली येत, स्वयंपाक करत, ताट वाढत आणि वर निघून जात. भंगाळे जिन्याखालून माफी मागत. बाई वरून सांगत, माफी मागायची तर वर येऊन मागा. मध्ये एकवीस पायऱ्या होत्या आणि शंभर किलोंच्या आत आल्याशिवाय गुडघे जिना सोसणार नाहीत असे हाडांच्या डॉक्टरांनी बजावले होते. आता वजन एकशे अठरा होते.

तेव्हा प्रश्न असा होता की अन्न आठवणार नाही असे अर्ध्या तासाचे काही शोधायचे. पाढे म्हणून पाहिले. ‘बारा पंचे साठ’ला साठ पानांची पंगत आठवली. भजन लावले, प्रसाद आठवला. शेजारच्या गावात कोणी वारले म्हणून भंगाळे स्वतःहून अंत्ययात्रेला गेले आणि तिथे त्यांना तेराव्याचे जेवण आठवले. तडवींनी हताश होऊन, हाताला लागले ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. निनादच्या हाताला लागली ‘द्वारपाल : वापर व देखभाल’ ही दोनशे बारा पानी पुस्तिका. ती त्याने स्वतः लिहिली होती.

चौथ्या परिच्छेदाला चाहुलीची रेघ सपाट झाली. तीस मिनिटांनी झडप उघडली आणि भंगाळे अडीचशे मिलिलिटर पाणी न थांबता प्यायले.

“काहीच आठवलं नाही?” तडवींनी विचारले.

“छे. डोक्यात नुसता पांढरा रंग होता.”

निनादला हे लागले, पण विज्ञानापुढे त्याचा इलाज नव्हता. दिवसातून सात वेळा तो फोनवरून पुस्तिका वाचू लागला. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. रक्ताचे आकडे सुधारले, वजन एकशे अकरावर आले, तडवी दोन वेळा हसल्या.

चौथ्या आठवड्यात, निनादने ‘प्रकरण पहिले’ म्हणताच झडप मिटली.

त्याने दुसरे प्रकरण घेतले. मिटली. त्याने पुस्तिका ठेवून विम्याची कलमे घेतली. दोन दिवस झडप उघडली, तिसऱ्या दिवशी ‘अटी व शर्ती’ ऐकताच भंगाळ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. तडवींनी त्यांना प्रयोगशाळेत बसवून नसेला तारा जोडल्या आणि एकेक गोष्ट पुढे ठेवली. भरताचे चित्र : रेघ सपाट. गरम बट्टी, वर तूप : रेघ सपाट. साध्या पाण्याचा ग्लास : रेघ कागदाबाहेर गेली.

“निनाद,” तडवी खुर्चीत बसत म्हणाल्या, “आपल्या झडपेला अन्न कळत नाही. तिला हाव कळते.”

“दोन्ही एकच नाही का, मॅडम?”

“होतं. आपण यांना चार महिने तहानलेलं ठेवलं. आता यांना सगळ्यात जास्त काय हवंय? पाणी. पाणी आठवलं की चाहूल, चाहूल लागली की झडप बंद. तुझं पुस्तक ऐकलं की पाणी मिळतं हे कळल्यावर पुस्तकाचीही चाहूल.”

“म्हणजे यांना पाणी नको असेल तेव्हाच पाणी पिता येईल,” निनाद म्हणाला.

“आणि तहान लागली असताना पाणी नको असणारा माणूस मला आणून दाखव.”

भंगाळ्यांनी शांतपणे विचारले की यात त्यांची काही चूक आहे का. तडवी म्हणाल्या, नाही, आणि हे म्हणताना त्यांना जेवढा संताप आला तेवढा उभ्या कारकिर्दीत आला नव्हता. त्या दिवशी आत गेलेले पाणी नव्वद मिलिलिटर होते. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी तडवींनी सलाइनची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि झडप काढण्याचे संमतिपत्र तिच्या शेजारी.

दुपारी प्रमिलाबाई डबा घेऊन प्रयोगशाळेत आल्या. सहीसाठी त्यांना बोलावले होते. त्यांनी सवयीने ताट मांडले, डाव्या बाजूला पेला ठेवला आणि भाकरी वाढता वाढता, भाऊ भेटायला येणार होता पण त्याच्याकडे गाडी नाही, असे सांगितले. रावेरला त्याची स्कूटर चोरीला गेली ती गेलीच.

“सावद्याला,” भंगाळे म्हणाले.

“रावेरला. मी होते तिथं.”

“तू नव्हतीस. तू तेव्हा भुसावळला बाळंतपणाला होतीस. स्कूटर सावद्याला बाजारात गेली, आणि चोरीला नाही गेली, तुझ्या भावानं कुठं लावली ते तो विसरला.”

“माझा भाऊ विसरला? जो माणूस स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच मांडवात जाऊन बसला, त्यानं बोलू नये.”

“दोन्ही मांडव पिवळेच होते. कोणीही बसला असता.”

वाद अर्धा तास चालल्यावर निनादने तडवींच्या कोपराला हात लावला. तडवी आधीपासूनच पाहत होत्या. भंगाळे भाकरी मोडत होते, दुसऱ्या मांडवात जेवण चांगले होते हे पटवून देत होते, आणि त्यांचा डावा हात, त्यांना काही न विचारता, पेला उचलून तोंडाला लावत होता. तारा जोडलेल्याच होत्या आणि रेघ वाद सुरू झाल्यापासून सपाट होती. पेला रिकामा झाला. नाकातून काही आले नाही.

पुढच्या अर्ध्या तासात सहाशे मिलिलिटर आत गेले. भंगाळ्यांना एकही घोट आठवत नव्हता.

तडवींनी सलाइन कपाटात परत ठेवले. त्यांच्या मागच्या भिंतीवर, त्यांनीच लिहून घेतलेला, दीड फूट उंच अक्षरांतला फलक होता : जेवताना पाणी पिऊ नये. त्याच्याखाली बसून त्यांनी चिठ्ठी लिहिली. पाणी फक्त जेवताना, लहान लहान सहा जेवणे, प्रत्येक वेळी पत्नीशी वाद घालत.

“पण मग अन्न लवकर खाली जाईल की,” निनाद कुजबुजला.

“जाऊ दे. यांना अन्नाची हावच उरलेली नाही. भूक लागली तरी हे पाणीच मागतील.” मग त्या नवराबायकोकडे वळल्या. “एक लक्षात ठेवा. भांडण खरं हवं. खोट्या भांडणात लक्ष पेल्याकडे जाईल. आणि भंगाळे, ती माफी जरा लांबवा. समेट झाला तर मला तुमच्या मूत्रपिंडांची खात्री देता येणार नाही.”

प्रमिलाबाई त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी खालीच थांबू लागल्या. विषय कमी पडले नाहीत. वजन शंभराखाली यायला नोव्हेंबर उजाडला, आणि ज्या दिवशी काटा नव्याण्णव सहाशेवर थांबला त्या दिवशी भंगाळ्यांनी कठड्याला हात लावला.

तडवींनी फोनवरून माफी मागायला स्पष्ट मनाई केली होती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, डॉक्टरांचे ऐकले नाही. एकवीस पायऱ्यांना अठरा मिनिटे लागली. वर खोली नीटनेटकी होती. कोपऱ्यात एक जास्तीची खुर्ची होती, रुंद, भक्कम, चार वर्षांपूर्वी आणलेली आणि कोणी न बसलेली.

ते तिच्यात बसले आणि म्हणाले, “चुकलो. तुझी बट्टी चांगली होती. तेव्हाही मला माहीत होतं. समोर कंपनीचे साहेब होते म्हणून तसं बोललो.”

“एवढंच ऐकायचं होतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “झालं. माझ्या मनात आता काही नाही.”

त्यांनी खालून ताट वाढून आणले, डावीकडे पेला ठेवला आणि समोर बसल्या. कोणी काही बोलेना. भंगाळ्यांना फार बरे वाटत होते. तेवढ्यात त्यांना घशाची कोरड जाणवली, नजर पेल्याकडे गेली आणि पोटात झडप मिटल्याचे त्यांना स्पष्ट कळले. ते कसेनुसे हसले. अर्धा तास गेला. बायको त्यांच्याकडे पाहत होती, ते पेल्याकडे पाहत होते. आणखी अर्धा तास गेला.

“अठरा मिनिटं,” प्रमिलाबाई एकाएकी म्हणाल्या. “एकवीस पायऱ्यांना अठरा मिनिटं लागतात का माणसाला? आमचे नाना दोन्ही गुडघे बदलून सात मिनिटांत चढतात.”

भंगाळ्यांनी मान वर केली. “नाना चढत नाहीत. नानांना दोघं जण खालून ढकलतात. मी पाहिलंय.”

“तुम्ही कुठं पाहिलंत? तुम्ही तर खाली बसून खात होतात.”

“खात होतो म्हणूनच पाहिलं. तोंड जिन्याकडेच होतं माझं. आणि ढकलणाऱ्यांत एक तुझा भाचा होता, तो वर पोचल्यावर आडवा झाला.”

“भाच्याला काविळीतून उठून आठवडा झाला होता, त्याचं काही नाही का तुम्हाला?”

नानांचे वजन, भाच्याची कावीळ आणि जिन्याची उंची यांवरून बोलाचाली वाढत गेली. भंगाळे तावातावाने भाकरी मोडत होते, अर्धा तास कधी उलटला ते त्यांना कळले नाही. पेला रिकामा झाला तेव्हा प्रमिलाबाईंनी बोलणे न थांबवता तो पुन्हा भरला.