चार महिन्यांचा तो, अकरा वर्षांची ती

किडनी मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. भेद माणसं करतात, आणि किडनीला त्यांच्याच घरात राहावं लागतं.

धंतोलीतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मयुरा लिटरभर पाणी पिऊन नंबराची वाट बघत होती. शेजारचा तरुणही तेवढंच प्यालेला दिसत होता. गुडघे जुळवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे भक्तिभावाने पाहत होता. नजरानजर झाली...

"हसवू नका हं," ती म्हणाली.

"मी कुठं काय बोललो?"

"चेहरा बोलून राहिला ना तुमचा!"

तो पियुष, कामठीचा. डाव्या किडनीतून लघवी खाली उतरायच्या वाटेवर जन्मतःच अडथळा होता. म्हणून वर्षाकाठी तपासणी.

"आईच्या पोटात होतो तेव्हाच दिसलं म्हणे. चार महिन्यांचा असताना ऑपरेशन. आजोबा, दोन काका, मावसाजी, सगळे दवाखान्यात मुक्कामाला. पहिला नातू ना! पाहुणे आले की आई अजून शर्ट वर करून खूण दाखवते."

"अजून?"

"मागच्या दिवाळीपर्यंत तरी."

मयुराला हसू फुटलं आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तुम्ही काहून आल्या?"

"असंच... पोट दुखते."

खोटं. अडथळा तोच, बाजूही तीच, डावी. फक्त सहाव्या वर्षी ती पोट धरून बसायची तेव्हा शाळा बुडवायचं ढोंग समजून तिला ओवा मिळायचा. दवाखाना अकराव्या वर्षी मिळाला. तोवर किडनीत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, काढून टाकली. "लग्न जमेपर्यंत तोंड बंद," हा आईचा हुकूम.

पुढच्या आठ महिन्यांत पियुष तिच्या सक्करदऱ्याला इतक्यांदा आला, की तलावाजवळचा भुट्टेवाला त्याला जावई म्हणू लागला. एका संध्याकाळी गरम भुट्टा हातात फिरवत तो म्हणाला, "घरी सांगू काय... आपलं?"

मयुरा भुट्ट्याचे दाणे एकेक करून सोलू लागली. बोलावं तर हा जाईल. न बोलावं तर ऑपरेशनची खूण जन्मभर याच्यापासूनच पदराखाली लपवायची.

"मले एकच किडनी आहे, पियुष. तुझंच दुखणं. मले उशिरा नेलं — एवढंच."

तो हळूच म्हणाला, "लय दुखत होतं काय वं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आईनेही नाही. तिचे डोळे भरून आले.

"एक नीट चालते ना?"

"डॉक्टर म्हणतात, चालते."

"मग झालं. माझ्या दोन. घरात तीन होतात... पुरतील."

"नालायक!" ती म्हणाली, आणि त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

पियुषने त्याच दिवशी घरी सगळं सांगितलं. त्याची आई तीन दिवस कोणाशी बोलली नाही, चौथ्या दिवशी हो म्हणाली.

साखरपुड्यात पियुषच्या मोठ्या काकांनी त्याच्या ऑपरेशनची गोष्ट माइकवरून सांगितली. टाळ्या पडल्या. मयुराचं ऑपरेशन अपेंडिक्सचं होतं, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं.