वगळलेल्या भेटी

भांडायला आलेला माणूस दारातच थबकला. टेबलावर एक दुर्बीण सुटी करून ठेवली होती आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

खालच्या मजल्यावर त्याचं जाहिरातींचं ऑफिस होतं. तीन खुर्च्या, दोन संगणक. रोज अकराच्या सुमारास त्याच्या छतावर कुणीतरी दळण दळायला बसायचं. आज ऐन बोलणीच्या वेळी फोनवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, ‘‘तुम्ही पिठाच्या गिरणीतून बोलताय का?’’ म्हणून तो तणतणत जिना चढून आला होता.

‘‘तुमची ती गिरणी जरा अर्धा तास...’’

‘‘गिरणी नाही. भिंग घासायचं यंत्र आहे,’’ ती मान वर न करता म्हणाली. चिमट्यात प्रिझम होतं, आणि प्रिझम हातात असताना ती कुणाकडेच बघत नसे.

‘‘तुम्ही... दुर्बिणी दुरुस्त करता?’’

‘‘हो.’’

‘‘माझ्या आत्याची दुर्बीण तीन आठवडे माझ्या बॅगेत पडून आहे. तिला त्यातून प्रत्येक पक्षी जोडीने दिसतो. मी सगळं इंटरनेट पालथं घातलं.’’

तिने प्रिझम मखमलीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. ‘‘छताकडे बघितलं असतंत तरी चाललं असतं.’’

आतल्या खोलीतून तिच्या बाबांचा आवाज आला, ‘‘काखेत कळसा न् गावाला वळसा.’’

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त बारीक होतो, हे तिच्या लक्षात आलं. तिला अशा गोष्टी दिसायच्या; त्यात तिचा दोष नव्हता.

‘‘आमची वेबसाइट आहे,’’ ती म्हणाली.

त्याने फोनवर शोध टाकला आणि अंगठ्याने बराच वेळ एकेक पान सरकवत राहिला. ‘‘आहे की. अकराव्या पानावर. मी पोटासाठी हेच काम करतो, तरी तिसऱ्या पानावरच दमलो होतो.’’

तिला ते लागलं. चाळीस वर्षं बाबांच्या हातून गेलेली भिंगं जहाजांवर होती, प्रयोगशाळांत होती, आणि जगाला त्यांचा पत्ता अकराव्या पानावर. ती प्रकाशशास्त्र शिकली ते याच टेबलाशी बसण्यासाठी. बाबांना मात्र वाटायचं, मुलीचं एवढं शिक्षण या जिन्यावर वाया जातंय. दुसऱ्या शहरातली एक प्रयोगशाळा तिला बोलावत होती. शेवटी बापलेकीत करार झाला होता : सहा महिने. सहाव्या महिन्यात वीस कामं आली तर दुकान चालू. एकोणीस आली तरी यंत्र विकायचं, आणि तिने सामान बांधायचं.

‘‘एकोणीसला सूट नाही?’’ हे सगळं ऐकल्यावर जाहिरातवाल्याने विचारलं.

‘‘मीच नको म्हटलं. आकडा म्हणजे आकडा.’’

‘‘मग असं करू. तुम्ही आत्याची दुर्बीण बघा, मी तुमचं अकरावं पान बघतो.’’

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो पहिली जाहिरात लिहूनच आला. बाबांनी त्याच्यासमोर चहा ठेवला. तिने कागद वाचला. ‘शहरातील सर्वोत्तम दुरुस्ती.’

‘‘मोजलंत?’’

‘‘काय?’’

‘‘सर्वोत्तम. किती दुकानांशी तुलना केलीत?’’

‘‘जाहिरातीत असं म्हणतात हो.’’

‘‘माझ्या नाही म्हणत.’’

‘‘तिच्याशी वाद घालू नका,’’ बाबा म्हणाले. ‘‘लहानपणी उंची विचारली तरी बूट काढून सांगायची. मी उगाच नाही तिला मिलीमीटर म्हणत.’’

जाहिरातवाल्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ‘‘बरं. मग खरं काय आहे ते सांगा. आत्याला दोन पक्षी का दिसतात?’’

‘‘दुर्बीण पडली की आतलं प्रिझम केसभर सरकतं. दोन नळ्या दोन दिशांना बघायला लागतात, म्हणून एकाचे दोन. लोक नवी घेतात, पण गरज नसते. दोन स्क्रू आणि एक तासाची शांतता पुरते...’’ ती थांबली. तो चहा विसरून तिच्याकडे बघत होता. ‘‘काय झालं?’’

‘‘हेच लिहा. जसंच्या तसं. ‘सर्वोत्तम दुकान’ कुणी शोधत नाही. माणूस विचारतो, ‘दुर्बिणीतून दोन दोन दिसतं, काय करू?’ ज्याने विचारलं त्याच्यापुढेच आपली पाटी धरायची. बाकीच्या जगाला त्रास द्यायचा नाही.’’

जाहिरात इतकी सभ्य असू शकते, हे तिला माहीत नव्हतं.

मग ती लिहू लागली. लोक खरोखर काय विचारतात त्याची यादी तो आणायचा — भिंगावर कोळ्याचं जाळं कशाचं, मायक्रोस्कोपमध्ये सगळं धुरकट का — आणि ती संध्याकाळी एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायची, आठवड्याला तीन. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांच्यासमोर तो ते पान नेऊन ठेवायचा. चार वाजता चहा, आणि चहाबरोबर आकडे : किती जण आले, कुठून आले, किती वेळ थांबले. पहिल्या महिन्यात एकतीस. दुसऱ्यात दोनशे. अकराव्या पानावरची वेबसाइट पाचव्यावर आली, मग दुसऱ्यावर, आणि एके दिवशी पहिल्या.

‘‘थांबतात लोक,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या इतर गिऱ्हाइकांकडे माणूस दाराशी येऊन पळतो. तुमच्याकडे बसतो.’’

‘‘खुर्ची देतो आम्ही.’’

आत्याची दुर्बीण पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाली होती. ती फळीवर तशीच होती. ‘‘उद्या नेतो,’’ तो रोज म्हणायचा. तिनेही कधी आठवण केली नाही. भिंगं घासायचं यंत्र मात्र ती त्याला विचारून लावू लागली.

एव्हाना त्या आकड्यांत तिला एक गोष्ट दिसली होती. रोज सकाळी सहा चाळीसला कुणीतरी यायचं. नवा लेख उघडायचं, नऊ-दहा मिनिटं थांबायचं, शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. खाडा नाही. नवा लेख नसेल तर जुना.

हा कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. आपल्याला कळलंय, असं तिला वाटलं. ती त्या सहा चाळीससाठी लिहू लागली. एकदा लेखाच्या शेवटी लिहिलं, ‘काच पुसताना श्वास रोखू नका; हात थरथरतो.’ चार वाजता तो समोर बसला तेव्हा तिचा स्वतःचाच हात जरा थरथरला, आणि बशीत चहा सांडला. त्याने नुसता रुमाल पुढे केला.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत अठरा कामं झाली होती.

बाबा यंत्राला तेल देत होते. विकायची वस्तूही ते स्वच्छच ठेवणार. ती टेबलाशी बसून होती, हातात चिमटा, चिमट्यात काहीच नाही. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि एक बाई खोकं घेऊन आत शिरल्या.

‘‘भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते, तो लेख कुणी लिहिला?’’

‘‘मी.’’

‘‘मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचे मायक्रोस्कोप भंगारात काढायला सांगितलेत. तुमचा लेख वाचून मी एक उघडून पाहिला. तुम्ही लिहिलंय तसंच निघालं... शब्द न् शब्द.’’ बाईंनी खोकं टेबलावर ठेवलं. ‘‘हा एक. खाली गाडीत एकतीस आहेत.’’

खाली कसं कळलं कोण जाणे, पण पुढची खोकी जाहिरातवालाच वर आणत होता.

बाई गेल्या. बाबांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. ‘‘अठरा आणि बत्तीस किती गं, मिलीमीटर?’’

‘‘पन्नास.’’

‘‘मग प्रयोगशाळेला कळव. त्यांना काही दुरुस्त करायचं असेल तर म्हणावं, जिना चढून या.’’ आणि ते आतल्या खोलीत गेले.

चार वाजले. चहा ओतताना तिने ठरवलं. आनंद होताच, पण मोजणी चोख हवी.

‘‘आकड्यांतून एक वाचक कमी करायला हवा,’’ ती म्हणाली. ‘‘सहा चाळीसचा.’’

‘‘का?’’

‘‘कारण तो गिऱ्हाईक नाही. तो... तुम्ही आहात.’’

त्याने कप खाली ठेवला. ‘‘सहा चाळीसला मी गाढ झोपेत असतो. आत्याला विचारा.’’

तिचे कान तापले. इतके महिने, इतक्या शेवटच्या ओळी... मग वाचत कोण होतं?

आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

‘‘बाबा?’’

‘‘मग वाचायला नको?’’ बाबा दारात आले. हातात जुना फोन. एरवी त्याला ते डबडं म्हणत. ‘‘माझ्या दुकानाच्या पाटीखाली काय काय लिहितेस ते? चूक सापडेल म्हणून रोज वाचत होतो. एकाहत्तर लेख झाले.’’

‘‘आणि?’’

‘‘एकही सापडली नाही.’’ ते एवढंच म्हणाले, आणि तिला वाटलं, आपण ज्या कुठल्या परीक्षा आजवर दिल्या त्यांचा निकाल आज लागला. ‘‘मी मायक्रोस्कोप मोजून येतो,’’ म्हणत ते परत आत गेले, आणि दारही ओढून घेतलं. ते दार आजवर कुणी लावलं नव्हतं.

ती टेबलावरची मखमल सरळ करत राहिली. ती सरळच होती.

‘‘म्हणजे तुम्ही... काही वाचलंच नाहीत.’’

‘‘वेबसाइटवरच्या माझ्या भेटी मोजणीत येत नाहीत,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘पहिल्याच दिवशी वगळल्या. आपण स्वतःच आत-बाहेर करायचं आणि त्याला गर्दी म्हणायचं, हे मी करत नाही. वगळलेल्या भेटींचं पान वेगळं असतं. तुम्ही कधी मागितलं नाहीत.’’

‘‘आता मागते.’’

त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला. चारशे बारा.

‘‘एकाहत्तर लेख,’’ ती पुटपुटली. ‘‘म्हणजे एकेक लेख...’’

‘‘पाच पूर्णांक आठ वेळा.’’

तिने चमकून पाहिलं. त्याने भागाकार करून ठेवला होता. तिला कुणी फुलं दिली असती तर ती थँक्यू म्हणाली असती. हा भागाकार मात्र तिने मनात पुन्हा करून पाहिला; बरोबर होता.

‘‘श्वास रोखू नका, हात थरथरतो,’’ तो म्हणाला. ‘‘तो लेख एकवीस वेळा. त्यामुळे सरासरी जरा वर गेली आहे. तेवढं... लक्षात घ्या.’’

तो एक डोळा बारीक झाला होता, पण या वेळी तो हसत नव्हता. उत्तराची वाट बघत होता.

तिने उठून फळीवरची दुर्बीण काढली, त्याच्या हातात दिली. ‘‘ही ने आता.’’

त्याचा चेहरा पडला. मग त्याच्या कानावरून गेलेला शब्द परत आला. ती आज पहिल्यांदा त्याला ‘तू’ म्हणाली होती.

‘‘कधी नेऊ?’’

‘‘रविवारी. मीही येते. दुरुस्तीनंतर एकदा तपासून बघावं लागतं, आत्यांना पक्षी एकच दिसतो की नाही.’’

‘‘आणि एकच दिसला तर?’’

‘‘तर काम झालं,’’ ती म्हणाली आणि यंत्राच्या बटणाला हात लावून थांबली. ‘‘बत्तीस मायक्रोस्कोप आहेत. आत्ता लावू? खाली तुझी बोलणी नाहीत ना कुणाशी?’’

‘‘आहेत,’’ तो खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढत म्हणाला. ‘‘पण खाली नाहीत.’’