पेटीला कान लावून

“अहो, गाडी साठाच्या पुढे गेली ना, की माझ्या माश्या चिडतात!”

प्रतिभा फोनवर बोलत होती, आणि तेही अशा तावातावाने की आडगाव नाक्याजवळच्या त्या टपरीवर चहा पिणाऱ्या सगळ्यांच्या माना वळल्या. वळणारच म्हणा! फेब्रुवारीतली गार सकाळ, अंगात बाबांचा ढगळ स्वेटर, थंडीने लाल झालेला नाकाचा शेंडा, आणि ही पोरगी कुणाला तरी माश्यांचा राग समजावून सांगतेय. पलीकडचा मेकॅनिक हसला असावा. कारण तिने “ठेवा फोन!” म्हणून स्वतःच फोन ठेवला आणि चहाचा मोठा घोट घेऊन जीभ भाजून घेतली.

“साठाच्या पुढे कायमच? की ऐंशीला परत शांत होतात?”

आवाज मागून आला होता. वळून बघते तो निळ्या डांगरीतला एक उंच, सावळा तरुण. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात चहाचा ग्लास, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही.

“होतात...” ती चाचरली. “ऐंशीला होतात शांत. पण तुम्हाला कसं कळलं?”

“माश्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण ठरावीक वेगाला रागावणाऱ्या गाड्या कळतात. तुमची गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे का? चारही चाकांना ओढ मिळणारी?”

“हो.”

“मग चहा संपवा आणि गाडी तिकडे समोर घ्या. ते माझंच गॅरेज.” तो जरा थांबला. “आणि घोट लहान घ्या. मघाशी जीभ भाजली ना?”

म्हणजे हा बघत होता तर! प्रतिभाच्या नाकाचा शेंडा आणखी लाल झाला, आणि त्याला थंडी अजिबात कारण नव्हती.

तर हा वाल्मीक. आणि प्रतिभा कोण, तर मधमाश्या पाळणारी. सुरगाण्याच्या डोंगरात तिच्या पेट्या असायच्या, सातेरी माश्यांच्या. माघात कांद्याचं बियाणं फुलावर आलं की त्या पेट्या ती जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये घालून सायखेड्याला चतुराबाईंच्या शेतात न्यायची. फुलावर माशी बसली तर दाणा भरतो, नाहीतर फुलाचा गोंडा नुसता दिसायला छान. पण सातेरी माशी मोठी मानी. प्रवासात त्रास झाला की पोहोचल्यावर पेटी सोडते आणि थेट निघून जाते. गेल्या वर्षी तसंच झालं होतं. दुपारपर्यंत पेट्या ओस, आणि बांधावर रडत बसलेली प्रतिभा. “औंदाबी उडाल्या तर मंग राहू दे बाई,” चतुराबाईंनी बजावलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? घरचे तर टपूनच बसले होते. माश्या गेल्या की ही बँकेची परीक्षा देईल, असं आईने परस्पर नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. ह्या खेपेला माश्या सुखरूप पोहोचल्या तर तिचा धंदा, नाहीतर संपलं सगळं. आणि कांदा तर फुलू लागला होता.

“सगळे म्हणाले भास होतोय तुम्हाला,” तिने त्याला सांगितलं. “चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली. स्टिअरिंग तर जरासुद्धा थरथरत नाही.”

“स्टिअरिंग थरथरलं की दुखणं पुढे. बुडाखाली थरथरलं की मागे.” मग जीभ चावून म्हणाला, “म्हणजे... सीटखाली.”

ती फिसकन हसली. “बुडाखालीच बरोबर आहे. पेट्या तिथेच असतात माझ्या, मागच्या सीटा काढून.”

“एखादी आणता येईल?”

“काय?”

“पेटी. मला जे सीटवर बसून नीट कळणार नाही, ते त्यांना कळतंय. मग त्यांनाच विचारू ना.”

प्रतिभा त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत तिच्या माश्यांचं म्हणणं ऐकायला निघालेला हा पहिलाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराच्या गच्चीवर ठेवलेली एक पेटी घेऊन आली, दाराला जाळी लावून. वाल्मीक गाडी चालवायला बसला आणि ती मागे, पेटीला कान लावून. ओझरच्या दिशेने हायवे मोकळा होता. चाळीस... पन्नास... पेटीतून नेहमीची संथ गुणगुण येत होती. साठ ओलांडले आणि सूर चढला.

“चिडल्या!” ती ओरडली.

त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन नुसतं हळू फिरत राहिलं, गाडी आपल्या वेगाने धावत राहिली. “आता?”

“अजून चिडलेल्याच आहेत.”

“म्हणजे इंजिन नाही. इंजिनच्या पुढचं काहीतरी, जे चाकांबरोबर फिरतंय.”

गॅरेजात येऊन त्याने गाडी रॅम्पवर वर उचलली. प्रतिभाने आपल्या गाडीचं पोट आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एवढी वर्षं चालवली, पण खाली काय चाललेलं असतं ते हिला कुठे ठाऊक! पुढून मागेपर्यंत एक लांबलचक लोखंडी दांडा गेला होता.

“हा प्रोपेलर शाफ्ट,” वाल्मीक म्हणाला. “पुढची ओढ मागच्या चाकांपर्यंत हा पोहोचवतो. तुम्ही डोंगर चढता ना, तो ह्याच्या जिवावर.” त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि हलकेच पिळला. कट्. इतका बारीक आवाज, की त्याने मान हलवली नसती तर तिला ऐकूही आला नसता. “ऐकलंत? सांध्यातला क्रॉस, म्हणजे हा अधिकच्या खुणेसारखा जोड, झिजलाय.”

त्याने एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक मधल्या बेअरिंगला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दुसऱ्या हाताने शाफ्ट हळूहळू फिरवायला लागला. डोळे मिटलेले. सगळ्या गॅरेजात ठोकाठोकी चाललेली आणि हा जणू तिथे नव्हताच. प्रतिभाच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगदी अशीच तर ती पेटीपाशी बसायची! राणीमाशी ठीक आहे का, आत उपाशी आहेत का, रुसल्या आहेत का... डोळे मिटून, कान लावून. आपल्यासारखं वेड दुसऱ्या कुणाला असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“मला ऐकू द्या ना,” ती एकदम म्हणाली.

त्याने मूठ तिच्या कानाशी धरली. त्याच्या हाताला ग्रीसचा आणि साबणाचा वास होता. लोखंडातून एक कोरडी खरखर तिच्या कानात आली, दुखणं बोलून दाखवल्यासारखी. अरे देवा! हे इतके दिवस गाडी सांगत होती, माश्या सांगत होत्या, आणि जगात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

“आता खात्री करू. हा काढून टाकतो. नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पळवू. तुम्ही जरा उजेड धरता?”

ती बॅटरी धरून गाडीखाली उभी राहिली, त्याच्या अगदी शेजारी. बोल्ट निघत होते. सांध्यातून तांबूस गंजाची भुकटी सांडली ती दोघांच्या केसांवर.

“तुमच्या केसांत...” तो म्हणाला.

“तुमच्याही,” ती म्हणाली. पाना बोल्टवर फिरायचा थांबला होता.

शाफ्टविना गाडी निघाली. साठ... सत्तर... प्रतिभाने कान पेटीला घट्ट लावला. आत झोपेतल्या बाळाच्या श्वासाइतकी शांत गुणगुण. ना चढ, ना उतार. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“काय म्हणतायत?” त्याने पुढून विचारलं.

“काहीच नाही म्हणत हो... काहीच नाही!”

नवा क्रॉस आला. वाल्मीकने तो घालून शाफ्ट परत बसवला, मधलं बेअरिंगही नवं टाकलं, बोल्ट आवळले. प्रतिभा पेटी घेऊन हजर होतीच. सुरगाण्यात पेट्या सांभाळणाऱ्या काळूदादांच्या अंगणातल्या पेट्या दुसऱ्याच दिवशी पहाटे हलवायच्या होत्या. गाडी हायवेला लागली, साठाच्या पुढे गेली... आणि पेटीचा सूर पुन्हा चढला.

“वाल्मीक!” ती घाबरून म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्याला नुसतं नावाने हाक मारली होती. “चिडल्या. कमी, पण चिडल्या.”

त्याने गाडी बाजूला घेतली. त्याचा चेहरा पडला होता. “क्रॉस नवा, बेअरिंग नवं...” तो पुटपुटला, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. “खूण!”

“कसली खूण?”

“शाफ्टची चकती आणि गाडीच्या बाजूची चकती एका ठरावीक जागीच जुळतात. म्हणून काढायच्या आधी दोन्हींवर पांढरा ठिपका द्यायचा. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. ‘खूण आधी, पाना नंतर.’ आजवर एकदाही विसरलो नव्हतो हो मी.”

“मग आताच कसे विसरलात?”

समोरून एक ट्रक गेला, दुसरा गेला.

“उजेड तुम्ही धरला होता,” तो शेवटी म्हणाला. “मी... शाफ्टकडे बघतच नव्हतो.”

आता बोला! प्रतिभाने पेटीला पुन्हा कान लावला. ऐकायला काही नव्हतं, गाडी उभी होती. पण तोंड लपवायला दुसरं काय सापडणार? आपल्या छातीतली धडधड मात्र तिला चांगलीच ऐकू येत होती.

“उद्या पहाटेपर्यंत होईल ना पण?” तिने कान तसाच ठेवून विचारलं.

“चकतीला बोल्टची चार भोकं, म्हणजे चारच जागा. एकेक करून बघू. खरी कुठली ते तुमच्या माश्या सांगतील.”

आणि खरंच माश्यांनीच सांगितलं. शाफ्ट सोडवायचा, एक भोक पुढे फिरवायचा, आवळायचा, हायवेला जायचं. एकदा सूर चढला. परत मागे. मग पुन्हा जोडाजोड, पुन्हा हायवे, साठ, सत्तर, ऐंशी... आणि पेटीत शांतता. प्रतिभा काही बोलेचना, म्हणून वाल्मीकने गाडी थांबवून मागे वाकून बघितलं. ती पेटीला गाल टेकवून हसत होती आणि रडतही होती. त्याने आपणहून पेटीच्या दुसऱ्या बाजूला कान लावला.

“बापरे,” तो कुजबुजला. “एवढी मोठी गाडी, आणि तिची नस ह्या एवढ्याश्या जिवांना कळली!”

गुणगुण मधोमध, आणि पेटीच्या दोन बाजूंना दोघं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पेट्या गाडीत चढल्या. “मी येतो. वाटेत काही वाटलं तर...” असं म्हणून वाल्मीकही रात्रीच तिच्याबरोबर निघाला होता. डोंगर उतरले, वणी मागे पडली, पिंपळगाव गेलं. वाटेत काही म्हणजे काही वाटलं नाही, आणि जसजसं सायखेडा जवळ येत होतं तसतसा तो जास्तच गप्प व्हायला लागला.

“तोंड का पाडलंय एवढं?” तिने विचारलं.

“गाडी ठणठणीत झाली. आता बरेच दिवस काही निघायचं नाही.”

“मग चांगलंच आहे की!”

“चांगलंच आहे,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मेकॅनिकने आपल्या कामाला नावं ठेवू नयेत, म्हणून गप्प बसलोय.”

ती गालातल्या गालात हसली आणि गाडी चालवत राहिली.

सायखेड्याला गोदावरीवरून धुकं येत होतं. कांद्याचं अख्खं शेत पांढऱ्या गोंड्यांनी भरून गेलेलं. पेट्या बांधावर मांडल्या. ऊन वर यायला लागलं तशी प्रतिभाने एकेका दाराची जाळी काढली. गेल्या वर्षी ह्याच क्षणी माश्या उसळून बाहेर पडल्या होत्या, आणि दुपारी...

पहिली माशी दारात आली. थांबली. उडाली, आणि वळून पेटीकडे तोंड करून हवेत झुलायला लागली. मग दुसरी, मग दहा-वीस. साऱ्या जणी आपलं दार न्याहाळत होत्या, नव्या जागी घर कुठे आहे ते मनात ठेवत होत्या.

“ह्या काय करतायत?” वाल्मीकने दबक्या आवाजात विचारलं.

“परत यायची वाट बघून ठेवतायत,” ती म्हणाली. “राहणार आहेत, वाल्मीक. ह्या राहणार आहेत!”

उन्हात पंख चमकत होते. हळूहळू सगळ्या शेतावर ती गुणगुण पसरली. वाल्मीक तोंडावर जाळी न घेता तिथेच उभा होता, आ वासून, देवळात पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा. आणि प्रतिभाला आतून लख्ख कळलं, की हा माणूस आज गाडीतून उतरून आपल्या गॅरेजात निघून गेला, तर हे सगळं मिळूनही आपल्याला करमायचं नाही.

एवढ्यात चतुराबाई पदर सावरत आल्या. त्यांनी आधी शेताकडे बघितलं, समाधानाने मान हलवली, आणि मग वाल्मीकला आपादमस्तक न्याहाळलं.

“लय झ्याक काम झालं गं पोरी. आन् हे कोण? डायवर ठिवला का?”

“नाही, मी मेकॅ...” वाल्मीक सांगायला लागला.

“मावशी,” प्रतिभा मध्येच म्हणाली, “हे आमचे होणारे.”

वाल्मीकचं वाक्य तोंडातच राहिलं.

“अगं बया! कधी ठरलं?”

“आत्ताच.” प्रतिभाचे कान लालबुंद झाले होते, पण नजर तिने खाली घातली नाही. “त्यांना विचारायचं तेवढं राहिलंय.”

चतुराबाईंनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि अशा खळखळून हसल्या की बांधावरचा बगळा उडाला.

“मंग इचार की! चहा ठिवते मी. उकळंस्तोवर काय ते उरका.”

त्या गेल्या. वाल्मीक हलला नाही. एक माशी येऊन त्याच्या बाहीवर बसली, आणि तो श्वाससुद्धा जपून घ्यायला लागला.

“काय मग?” प्रतिभा पुटपुटली. आता मात्र तिचा सगळा धीर सुटला होता. “बोला ना काहीतरी...”

“हो,” तो म्हणाला. “हो, हो. पण जरा थांबा, हिला आधी उडू द्या. नाहीतर मी आत्ता एवढ्या मोठ्यांदा ओरडेन ना, की तुमच्या सगळ्या माश्या सायखेडा सोडून जातील!”