नमुन्यातली गोपिका

शहाऐंशीचा मे. लकडगंजातल्या लाकूड वखारीत एक काचेची गार खोली झाली होती आणि तिच्यात कंप्यूटर बसला होता. मालक मारोतराव टायपिस्ट वामनरावांना म्हणाले होते, "सोमवारपर्यंत हजेरी याच्यावर पाह्यजे. नाही तं मले दुसरा मानूस ठेवा लागन."

बावीस वर्षांची खुर्ची! वामनरावांनी कंप्यूटरच्या क्लासला नाव घातलं. पण टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मक्षिकास्थाने मक्षिका, हा त्यांचा धर्म. शनिवारी जेवणानंतर त्यांनी क्लासच्या सायक्लोस्टाइल नोट्समधला हजेरीचा नमुना-प्रोग्रॅम ओळ न ओळ उतरवला. सरावासाठी दिलेलं खालचं एक नावही उतरवलं, ते गाळायचं असतं हे ठाऊक नसल्यामुळे. गोपिका. आत आल्याची वेळ दोन-दहा. बाहेर गेल्याची कोरी.

प्रोग्रॅम चालला. आत किती माणसं आहेत ते पडद्यावर उमटलं, आत: १.

वामनराव खुशीत आले. नाव मात्र आता नको होतं. त्यांनी ते खोडायचा हुकूम दिला. नावामागे एक चांदणी लागली, नाव हललं नाही. नोट्समध्ये लिहिलंच होतं, खोडलेलं नाव चांदणी लावून आतच राहतं.

मागे बांगड्या वाजल्या. मागे फक्त भिंत होती.

खोबरेल तेलाचा वास आला. घाबरायचं काय त्यात, म्हणून त्यांनी खरं नाव घालून पाहिलं. वामनराव. आत चार-पाच.

आत: २.

मानेवर कोणाचा तरी श्वास लागला. ते ताडकन उठले. तेवढ्यात दार उघडलं, आपोआप लागलं.

पडद्यावर गोपिकेपुढे बाहेरची वेळ भरली होती. चांदणी आता वामनरावांच्या नावामागे होती.

त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. काचेवर मुठी आपटल्या. आवाज झाला नाही.

काचेपलीकडे चौकीदार नानाजी किल्ल्या घेऊन आले. त्यांच्यासमोर पाठमोरी एक बाई उभी होती.

"आत कोनी राहिलं तं नाही ना वं?"

"कोनी नाही जी, काका. एकलीच तं होती मी."

"बावीस वर्ष झाले, रोज तूच शेवटी निघते वं, गोपिका," नानाजी हसले. वामनरावांच्या डोळ्यांत पाहत त्यांनी कुलूप लावलं, आणि काचेत स्वतःला बघून टोपी सारखी केली.