चोरट्या पावलांचा आवाज

भांडुपची उत्तरा अंधेरीच्या एका कार्टून स्टुडिओत चित्रं काढायला लागली, त्याच आठवड्यात तिने भलतंच दार उघडलं. आत एक उंच मुलगा अनवाणी, चवड्यांवर चालत होता... हातात पातेल्याचं झाकण, डोळे अर्धवट मिटलेले.

"सॉरी, मला वाटलं इथे कॅन्टीन—"

"वाट लावलीस ना यार!" तो कळवळला. "चोरी जमत आली होती."

"चोरी?"

त्याने पडद्याकडे बोट केलं. उत्तरानेच काढलेली काळी मांजर दबकत दबकत लाडवांच्या डब्याकडे निघाली होती. तिच्या पावलांचा आवाज हा मुलगा, प्रीतम, स्वतःच्या पायांनी भरत होता, आणि डब्याचा त्या झाकणाने.

"माझी मांजर अशी धपधप नाही चालत हं."

"मग तूच चाल ना!"

ती चालली. चपला काढून, ओढणी कमरेला खोचून. टेबलाला ठेचकाळली, आणि दोघं इतके हसले, की तो हसण्याचा आवाजही रेकॉर्ड झाला.

मग ते रोजचंच झालं. मांजरीने काही पळवलं की खाण्याचा आवाज लागे, आणि त्यासाठी प्रीतमला उत्तराच्याच डब्यातला पापड लागे. "कामासाठी गं," म्हणत तो मागून हात घाली. ती पाहूनही न पाहिल्यासारखं करी. हळूहळू ती पापड जास्तच आणू लागली. आईने विचारलं, तर "भूक वाढलीय" म्हणाली... आणि कानांपर्यंत लाल झाली.

वर्षभराने तिला हैदराबादहून मोठं काम आलं. गच्चीवर चहा पिताना प्रीतम एकदम म्हणाला, "जा तू. अडवत नाही. पण... माझी म्हणून जाशील?"

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण बांधलं जाण्याची कसलीशी भीती वाटली, आणि ती हसून मोकळी झाली. "चोरावर कोण भरवसा ठेवतं रे?"

तोही हसला. जरा उशिराने.

शेवटच्या दिवशी तिने डबा मुद्दाम उघडा ठेवला आणि पाठ फिरवून बसली. तो आला, पण समोरून.

"एक पापड घेऊ का?"

"घे ना," म्हणत तिने डबाच पुढे सरकवला. आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं.

हैदराबादेत काम झकास होतं. पण जेवणाच्या सुट्टीत मागे कुणी कुरकुरीत काही खाल्लं, की तिची मान आपोआप वळे. अखेर एका दुपारी तिने फोन लावलाच.

"प्रीतम, तेव्हा मला हो म्हणायचं होतं."

"तुझ्या डोळ्यांत दिसलं होतं गं," तो म्हणाला. "तू बोलशील म्हणून थांबलो. खूप थांबलो... रविवारी साखरपुडा झाला माझा. जयंती नाव तिचं. चांगली आहे."

"हं..."

"रडतेयस?"

"छे!"

"जेवलीस?"

"हो," ती म्हणाली, आणि समोरचं भरलेलं ताट हळूच बाजूला सारलं.