अर्धी पट्टी

हृदयाचा आलेख वाचण्यात तिचा हात धरणारा डॉक्टर त्या इस्पितळात दुसरा नव्हता, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. तातडीच्या विभागात सगळे तिला पाठीमागे पट्टीबाई म्हणत. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली की ती नावगाव न विचारता आधी पट्टी वाचायची, खाली सही ठोकायची आणि मग रोग्याकडे वळायची. माणूस घाबरून थापा मारतो, पट्टीला ते जमत नाही, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांत ती दोनदाच चुकली होती.

त्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती टेबलाशी येऊन बसली. सकाळपासून जबडा ठणकत होता. दाढ दाखवायला हवी, असं मनाशी म्हणत तिनं चहाचा कप ठेवला तो नेमका एका पट्टीच्या कडेवर. पट्टी अर्धीच होती. हातापायांना लावतात त्या तारांचा भाग तेवढा होता, छातीचा फाटून गेला होता.

"कागद सुटेपर्यंत ओढायचा नसतो, किती वेळा सांगू?" ती नव्या नर्सला म्हणाली.

"मॅडम, जेवणानंतर मी यंत्राला हातसुद्धा लावला नाही."

विभागात रोगी दोनच होते. एकाचा पाय मुरगळलेला, दुसरीचा हात भाजलेला. छातीत दुखणारं कोणी नव्हतं.

तिनं सवयीनं पट्टी वाचली, सही केली. हृदयाच्या खालच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद. शिवाय पहिली ओळ चक्क उलटी. असं दिसलं की दहात नऊ वेळा नर्सनं डाव्या-उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल केलेली असते. दहाव्या वेळी हृदयच उजवीकडे असतं.

असं हृदय तिच्या माहितीत एकच होतं. लहानपणी एका पांघरुणात झोपताना धाकट्या बहिणीच्या उजव्या कुशीत तिनं ते धडधडताना ऐकलं होतं आणि आईकडे चुगली केली होती, की हिचं सगळंच उलटं.

मग तिचं लक्ष वरच्या आकड्यांकडे गेलं. तारीख आजची. वेळ चार चाळीस.

यंत्राचं घड्याळ तिनं जाऊन पाहिलं. तीन तेरा. बरोबर होतं.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण पट्टीवर होता. तिनं बहिणीला फोन लावला.

"ताई, मी ठणठणीत आहे गं. इथे कामाचा डोंगर पडलाय."

"पडू दे. आत्ताच्या आत्ता निघ."

दुसरा फोन वरच्या मजल्यावर, बंद रक्तवाहिनी उघडतात त्या खोलीत. साडेचारला तयार राहा, म्हणाली. पट्टीबाईंचा शब्द, कोणी का म्हणून विचारलं नाही. टेबलावर उमटलेलं कपाचं अर्धं वर्तुळ तोवर नर्सनं पुसून टाकलं होतं. उरलेलं अर्धं पट्टीच्या फाटक्या कडेला तसंच होतं.

बहीण चारला आली. तिनं स्वतः बहिणीला तारा लावल्या, उजव्या हृदयाला लावतात तशा. आलेख अगदी स्वच्छ आला. तरी तिनं बहिणीला उठू दिलं नाही. चार पंचवीसला पुन्हा काढला. पुन्हा स्वच्छ. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हृदय उजवीकडे असलं तरी माझं डोकं ठिकाणावर आहे," बहीण हसत म्हणाली. "तुझं बघ जरा." आणि हसता हसता थांबली. "ताई, तुला एवढा घाम का आलाय?"

काळजीनं, असं ती सांगणार होती. तेवढ्यात जबड्याची कळ मानेतून छातीत उतरली.

बहिणीनं खाटेवरून उडी मारली आणि तिला तिथे आडवं केलं.

नर्स धांदलीत तारा सोडवू लागली. तारा लागल्या. यंत्र सुरू झालं.

ओढू नकोस, असं तिला म्हणायचं होतं. श्वास पुरला नाही.

नर्सनं कागद ओढला.

टर्रकन आवाज झाला. हातात आली ती अर्धीच पट्टी, छातीचा भाग. त्यात हृदय डावीकडेच होतं, तिचं होतं तिथे.

"मॅडम, पहिला तुकडा कुठे पडला?" नर्स खाटेखाली वाकून शोधत होती. लादी स्वच्छ होती.

भिंतीवर चार चाळीस झाले होते.

"हाताच्या तारा उलट्या लावल्यास," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "मला वर घ्या. खोली तयार आहे."

चाकं फिरली. बहीण शेजारून धावत होती. टेबलावरची दुपारची पट्टी तिनं उचलली होती आणि चालता चालता नर्सच्या हातातल्या नव्या तुकड्याला लावून पाहिली. फाटलेल्या कडा दोऱ्याला दोरा जुळल्या.

खाटेवर पडल्या पडल्या ताईनं मान वळवून पाहिलं. नवा तुकडा यंत्रातून निघून मिनिटही झालं नव्हतं, अजून कोमट होता. त्याच्या कडेला चहाचा डाग होता. जुना, वाळलेला. कपाचं वर्तुळ आता पूर्ण झालं होतं.